झाईरमधली सही

पत्र परत आलं तेव्हा प्रभावती अंगणवाडीत पोरांच्या वाट्यांमध्ये सुकडी घालत होती. पोस्टमन दारातच उभा राहिला. त्याच्या हातात तिनंच लिहिलेलं निळं पत्र होतं, वर कसलासा इंग्रजी शिक्का मारलेला.

"बाई, परत आलं."

"का म्हणून? पत्ता बराबर हाय की."

"पत्ता बराबर हाय," पोस्टमन म्हणाला, "पण मास्तर म्हणत्यात, तसा देश न्हाई आता."

प्रभावतीनं हातातला डाव तसाच परातीत टाकला. मदतनीस गिरिजाबाईला म्हणाली, "पोरांकडं बघ," आणि तडक पोस्टात गेली. १९९७चा जून होता. झाईर हे नाव तिनं हायस्कूलच्या देवानंद सरांकडून इंग्रजीत गिरवून घेतलं होतं, पाकिटावर चूक होऊ नये म्हणून. दोन वर्षं ते नाव लिहून लिहून तिचा हात बसला होता. त्या नावाच्या देशात तिचा नवरा होता.

पोस्टमास्तरांनी पंधरा दिवसांपूर्वीचा पेपर काढून दाखवला. बत्तीस वर्षं खुर्चीवर बसलेला अध्यक्ष पळून गेला होता. नवा माणूस फौज घेऊन आला होता आणि त्यानं आल्या आल्या देशाचं नाव बदलून टाकलं होतं.

"आता काँगो लिहायचं," मास्तर म्हणाले. "पण टपाल सध्या बंदच हाय तिकडचं."

"देश न्हाई म्हणता," प्रभावती म्हणाली, "मंग त्या देशात गेलेला माणूस कुठं हाय?"

मास्तरांनी पेपरची घडी घातली.

प्रभावती मगरेचा राग तीर्थपुरीला ठाऊक होता. शाळेत असताना तिला वेगळ्या माठातून पाणी घ्यायला लावणाऱ्या मास्तरीणबाईंसमोर तिनं तो माठ जमिनीवर आपटला होता. तिचा बाप हसून म्हणायचा, "हिच्या रागाला पगार मिळाला असता तर मी घरी बसून खाल्लं असतं." दहावी झाली, ८३ साली लग्न झालं, ८६ साली अंगणवाडी मिळाली. एकदा ठेकेदारानं किडका गहू पाठवला तेव्हा तिनं ते पोतं बैलगाडीत घालून अंबडला नेलं आणि पंचायत समितीच्या पायरीवर ओतलं. साहेबांच्या पायावर सोंडेकिडे चढत होते. त्या दिवसापासून तिच्या अंगणवाडीला निवडलेला गहू यायचा.

सर्जेराव तिच्या अगदी उलट. बोलणं कमी, आवाज खाली. ८१ साली जिल्ह्यात बोअर मारणाऱ्या गाड्या फिरायला लागल्या तेव्हा तो हेल्पर म्हणून चढला आणि पाच वर्षांत मशीनवर बसला. दगडाचा आवाज ऐकून तो सांगायचा, अजून वीस फुटांवर पाणी आहे की नाही. शंभरातल्या नव्वद वेळा खरं निघायचं. पुढं तो भंडाऱ्याकडं मँगनीजच्या खाणीवर गेला. तिथं पाण्यासाठी नाही, दगडासाठी बोअर मारायचे. जमिनीच्या पोटातून दगडाची अखंड कांडी काढायची, पेटीत ओळीनं मांडायची, साहेब लोक ती तपासून ठरवायचे की खाली किती माल आहे. हे काम त्याला फार आवडलं. घरी आला की पोरीला, सुमेधाला, दगडाचे तुकडे दाखवत बसायचा.

तिथूनच त्याला भुजंगरावानं उचललं. भुजंगरावाचं नवीन जालन्यात स्टेशनजवळ बियाण्याचं ऑफिस होतं. मुंबईच्या एका शेठच्या कंपनीनं झाईरमध्ये तांब्याची खाण घेतली होती आणि तिला इकडून मशीनवाले, मेकॅनिक लागत होते. ते पुरवायचं काम भुजंगरावाकडं. त्याच्या ऑफिसात टेबलामागं शेठचा मोठा फोटो होता. शेजारी झाईरचा कुणीतरी मंत्री, दोघांच्या हातात हात.

सर्जेराव ९५ साली गेला. कंपनीचं नेमणुकीचं पत्र प्रभावतीनं पेटीत जपून ठेवलं. त्यात त्याचा हुद्दा स्पष्ट लिहिला होता, ड्रिल ऑपरेटर. महिन्याला पत्र यायचं. मार्चमध्ये आलं, एप्रिलमध्ये आलं नाही, मे महिन्यातही नाही. मे महिन्यात ती भुजंगरावाकडं जाऊन आली होती. तेव्हा तो म्हणाला होता, "वहिनी, तिकडं जरा गडबड चालू हाय. आपली माणसं सेफ हायेत."

पोस्टातून निघून प्रभावती त्याच दिवशी जालन्याची एसटी धरून गेली. भुजंगरावाच्या ऑफिसात पाऊल ठेवलं आणि पहिली गोष्ट तिच्या नजरेत भरली. शेठचा आणि मंत्र्याचा फोटो भिंतीवर नव्हता. खिळा होता, आणि फोटोच्या जागी रंगाचा ताजा चौकोन.

"फोटो कुठं गेला?" तिनं विचारलं.

"बसा, बसा. च्या सांगतो."

"च्या नगं. फोटो कुठं गेला?"

भुजंगराव हसला. "तो मंत्री पळाला बाई. पळालेल्या माणसाचा फोटो कुणी लावतं का? नवा येऊन राह्यलाय. शेठ स्वतः जाऊन आले तिकडं, नव्या लोकांना भेटले. सरकार म्हंजे टोपी असती. टोपी बदलती, डोकं तेच ऱ्हातं. खाण चालू राहणार, बिलकुल काळजी करू नका. तांबं काय पळून जातंय का?"

"तांब्याचं न्हाई विचारलं मी. माणसाचं विचारलं."

"माणूस बी बराबर हाय."

"मंग पत्र का न्हाई? फोन का न्हाई? शेठ जाऊन आला म्हणता, त्याला माझा माणूस दिसला का न्हाई?"

भुजंगराव टेबलावरचे कागद हलवायला लागला. "वहिनी, शेठ मोठ्या लोकांना भेटायला गेल्ते. मशीनवाल्याला भेटायला न्हाई."

प्रभावती उठली. तिला त्याच क्षणी कळलं की हा माणूस काहीतरी लपवतो आहे. काय, ते कळेना. एसटीत ती तीर्थपुरीपर्यंत उभी राहिली. जागा रिकामी होती तरी बसवलं नाही तिला.

जे लपवलं होतं ते आठ दिवसांनी रामकिसननं आणलं. रामकिसन घनसावंगीचा, खाणीवर मेकॅनिक होता. सर्जेरावच्याच खोलीत राहायचा. तो तिच्या दारात आला तेव्हा आधी तिला ओळखू आला नाही, इतका वाळला होता. पाण्याचा तांब्या त्यानं एका दमात रिकामा केला आणि खाली मान घालून सांगायला लागला.

एप्रिलमध्ये नवी फौज खाणीच्या गावाकडं सरकत होती. खाणीचा मुंबईचा मॅनेजर घाबरला. त्यानं छोटं विमान बोलावलं. निघायच्या आदल्या दिवशी सर्जेरावला ऑफिसात बोलावून म्हणाला, "मी दोन दिवसांत येतो. मशीनं तुझ्या ताब्यात देतो. चार्जच्या कागदांवर सही कर." तीन कागद होते, सगळे फ्रेंचमध्ये. सर्जेरावनं विचारलं, यात काय आहे? मॅनेजर म्हणाला, यादी आहे मशीनची. सर्जेरावनं सही केली. मॅनेजर उडाला तो आलाच नाही.

"मंग नवे लोक आले," रामकिसन सांगत होता. "चांगले वागले पहिल्यांदा. मंग त्यांनी सगळ्या कंपन्यांना इचारायला सुरुवात केली. जुन्या सरकारला चारून खाणी कुणी घेतल्या, ते सांगा. ज्यांनी चारलं त्यांचे करार रद्द. शेठ विमानानं आला, संगं वकील आणि दुभाष्या. दुभाष्याकडूनच मला हे कळलं. वकिलानं त्यांच्यापुढं कागद ठेवला. म्हणला, जुन्या सरकारशी जो काही व्यवहार झाला तो आमच्या इथल्या साहेबानं परस्पर केला. कंपनीला म्हाईतच न्हाई. ही बघा सही. आणि सही..."

"कुणाची?" प्रभावतीनं विचारलं, पण तिला कळलं होतं.

"आपल्या सर्जेरावची. त्या तीन कागदांतला एक तो होता वहिनी. मागची तारीख घातलेली. सर्जेराव म्हणं खाणीचा प्रमुख. सर्जेराव म्हणं मंत्र्याला पाकिटं द्यायचा. फौजेच्या लोकांनी त्याला लुबुंबाशीला नेऊन कोंडलं आणि तिसऱ्या दिवशी शेठला नवा करार मिळाला. आम्हाला गाडीत घालून झांबियाच्या हद्दीवर सोडलं. मी ओरडून सांगितलं त्यांना, तो मशीनवाला हाय म्हणून. माझी भाषा कुणाला कळती?"

तेरा वर्षांची सुमेधा दारात उभी राहून ऐकत होती. प्रभावतीनं तिला आत जा म्हटलं नाही. रजेचा अर्जसुद्धा बायकोला वाचून दाखवल्याशिवाय न देणारा माणूस. तो मंत्र्यांना पाकिटं देत होता! एका देशाचा राजा गेला, दुसरा आला, आणि त्या दोघांच्या मधल्या फटीत शेठनं तिचा नवरा पाचर म्हणून ठोकला होता.

"रामकिसनभाऊ," ती म्हणाली, "हे जसं सांगितलं तसं लिहून देशील?"

"देतो."

"भुजंगराव उद्या तुला दुसरीकडं कामाला लावतो म्हणला तर?"

रामकिसननं रिकामा तांब्या बाजूला सारला. "तरी देतो," म्हणाला.

देवानंद सरांनी रामकिसनचं सांगणं इंग्रजीत उतरवलं. त्याला नेमणुकीच्या पत्राची झेरॉक्स जोडली. अर्ज कलेक्टरकडे गेला, खासदाराकडे गेला, दिल्लीला गेला, तिकडच्या वकिलातीला गेला. पोचपावत्या आल्या. पावत्यांशिवाय काही आलं नाही. प्रभावती दर सोमवारी अंगणवाडी सुटली की जालन्याला जायची आणि कलेक्टर कचेरीत उभी राहायची. "अर्ज पुढं पाठवला आहे," असं तिला सात वेगवेगळ्या माणसांनी सांगितलं. एकानं तर विचारलं, "बाई, तुमचे मिस्टर तिकडं करत काय होते? उगीच कुणी पकडतं का?" प्रभावतीनं त्याच्या टेबलावरच्या काचेवर हात आपटला. काच फुटली नाही, पण तो माणूस पुन्हा तसं बोलला नाही.

ऑगस्टमध्ये तिला कळलं की शेठ जालन्याला येणार आहे. एमआयडीसीत त्याच्या साडूच्या सळयांच्या कारखान्याचं उद्‌घाटन होतं. मांडव, हार, जेवण. भुजंगराव सगळ्यांच्या पुढं.

प्रभावतीनं चार अंगणवाडीताई बरोबर घेतल्या. पाचही जणी स्वच्छ पातळं नेसून मांडवात शिरल्या. दारावरच्या माणसाला वाटलं, ओवाळायला आल्यात. त्यानं अदबीनं पुढच्या रांगेकडं बोट दाखवलं. त्या जाऊन बसल्या.

शेठ बोलायला उठला. गोरा, ठेंगणा, आवाज गोड. हिंदी-मराठी मिसळून बोलला. कारखान्याचं बोलून झाल्यावर आफ्रिकेवर आला. तिथं सत्ता बदलली तेव्हा गोऱ्या लोकांच्या मोठमोठ्या कंपन्यांची झोप उडाली, म्हणाला. कुणाचे करार गेले, कुणाची मशीनं गेली. आपल्याला मात्र काही झालं नाही. "क्यों कि हमने रिश्ता नेत्याशी नाही जोडला, देशाशी जोडला. नेते येतात, जातात. माणसांचे संबंध राहतात."

टाळ्या पडल्या. त्या संपायच्या आत प्रभावती उभी राहिली.

"शेठ, माणसांचे संबंध ऱ्हातात म्हणला तुम्ही. माझा माणूस कुठं ऱ्हायला?"

मांडव वळून बघायला लागला. भुजंगराव धावत आला, "वहिनी, वहिनी, मंग बोलू." त्याच्यासमोर एक अंगणवाडीताई अशी उभी राहिली की त्याला पुढं जाता येईना.

"मी सर्जेराव मगरेची बायको," प्रभावतीचा आवाज चढला. "तुमच्या खाणीवर मशीन चालवायला गेल्ता. हे तुमच्या कंपनीचं पत्र. ड्रिल ऑपरेटर लिहिलंय. तुम्ही तिकडं जाऊन त्याला साहेब केलं, कोठडीत घालायपुरतं! जुन्या राजाला तुम्ही खाऊ घातलं, नव्या राजाला बी तुम्हीच खाऊ घातलं. पण नव्याला काय घातलं? माझा नवरा!"

शेठचा चेहरा हलला नाही. तो माईकवर शांतपणे म्हणाला, "बहेन दुखी आहे. आम्ही पूर्ण मदत करू." आणि हात जोडले. लोकांनी या वाक्यालाही टाळ्या वाजवल्या. त्या टाळ्या प्रभावतीला आयुष्यभर विसरता आल्या नाहीत. शेठच्या लबाडीचा राग एकीकडं आणि त्या टाळ्यांचा एकीकडं. त्या वाजवणाऱ्यांत तिच्या ओळखीचे लोक होते, तिच्या अंगणवाडीत पोरं घातलेले लोक होते.

पण मांडवात जालन्याच्या एका छोट्या पेपरचा वार्ताहर होता. त्यानं दुसऱ्या दिवशी नेमणुकीच्या पत्राच्या फोटोसकट बातमी छापली. ती औरंगाबादच्या पेपरनं उचलली. मग दिल्लीहून पहिलं पत्र आलं ज्यात सर्जेरावचं नाव नीट लिहिलं होतं.

सर्जेराव ९८च्या जानेवारीत परत आला. जालना स्टेशनवर त्याला उतरवून घ्यायला प्रभावती, सुमेधा आणि रामकिसन गेले होते. डोक्याचे केस पांढरे, समोरचे दोन दात नाहीत. प्रभावती रडली नाही. तिनं त्याची पिशवी घेतली आणि म्हणाली, "चला. घरी चला."

आठवडाभर तो झोपला, जेवला, पुन्हा झोपला. प्रभावती वाट बघत होती की हा कधी पेटेल. शेठला शिव्या देईल, भुजंगरावाच्या दारात जाईल. तसं काहीच होईना. एके दुपारी तो ओट्यावर बसून सुमेधाला सांगत होता, तिकडं बाईला मानानं मामा म्हणतात. पोरगी हसून हसून लोळली. कपिंगा मामा नावाची बाई खाणीच्या गेटवर कंदाच्या पिठाचा गोळा आणि पालेभाजी विकायची. गावाला पाणी नव्हतं, बाया तीन मैलांवरून आणायच्या. खाण त्यांच्या गावाला खेटून, पण त्यांना ना जुन्या सरकारनं पाणी दिलं होतं ना कंपनीनं. सर्जेरावनं मॅनेजरच्या नकळत दोन रविवार खाणीचंच मशीन गावात नेलं आणि बोअर मारला. एकशे ऐंशी फुटांवर पाणी लागलं. रामकिसननं जोडतोड करून हातपंप बसवला.

"मला धरून नेऊन पाच-सहा महिने झाले, तेव्हा त्या बाया लुबुंबाशीला आल्या," तो म्हणाला. "चाळीस-पन्नास जणी. कोठडीच्या बाहेर तीन दिवस पातेली बडवत बसल्या. आतून ऐकू यायचं. मंग एक नवा अधिकारी आला, म्हणला, ह्याला साहेब कोण म्हणतं? ह्या बाया तर ह्याला पाणीवाला म्हणत्यात. त्याच्यानंतर मार थांबला. मंग महिन्यानं सोडलं."

प्रभावती दारात उभी होती. "म्हंजे माझ्या अर्जानं काय झालं न्हाई?"

"तुझ्या बी झालं असंल," सर्जेराव म्हणाला. "मला काय म्हाईत? मी आत होतो."

तिला हसू आलं आणि त्याच वेळी संतापही आला. "तुम्हाला राग येत न्हाई का हो? दात पाडले तुमचे. सात महिने कोंडलं. ज्यानं कोंडवलं तो हार घालून फिरून राह्यलाय!"

"राग धरून काय दात येत्यात का?"

त्या रात्रीपासून दोन दिवस ती त्याच्याशी बोलली नाही. शेठवर रागावणं सोपं होतं. या माणसावर रागावून काही हाती लागत नव्हतं, भिंतीवर डोकं आपटल्यासारखं व्हायचं.

दिवस गेले. सर्जेराव परत बोअरच्या गाडीवर चढला. आता पूर्वीसारखं पाणी लागत नव्हतं. चारशे फूट गेलं तरी नुसता धुरळा. संध्याकाळी तो पांढराफटक होऊन यायचा, न बोलता आंघोळीला बसायचा. कधी कधी म्हणायचा, "तिकडं दगडाची कांडी निघायची. काय रंग असायचा एकेकीचा! हिरवा, निळा." प्रभावती ताटलीवर ताटली आपटून त्याचं बोलणं तोडायची.

२००१ साल लागलं. जानेवारीत तिकडच्या अध्यक्षाला गोळी घातल्याची बातमी आली आणि त्याचा तरणा मुलगा गादीवर बसला. देवानंद सरांनी पेपर आणून दाखवला. आणि मार्चमध्ये भुजंगरावाची गाडी मगरेंच्या दारात थांबली. हातात पेढ्यांचा पुडा.

भुजंगराव खाटेवर ऐसपैस बसला. "झालं ते झालं, सर्जेराव. आपण घरची माणसं. तिकडं आता चांगले दिवस येऊन राह्यले. पोरगा शिकलेला हाय. बाहेरच्या कंपन्यांना बोलावून राह्यलाय, जुने करार परत तपासून राह्यलाय."

त्याच्या बोलण्यातून हळूहळू कळलं ते असं. शेठला ९७ साली मिळालेला नवा करार वर्षभरही टिकला नाही. तिकडं लढाई पेटली, आणि अध्यक्षानं खाण आपल्या मदतीला आलेल्या दुसऱ्या देशाच्या फौजेच्या लोकांना देऊन टाकली. शेठच्या हाती भोपळा. आता तिसरा राजा आला होता, तेव्हा शेठला पुन्हा आशा लागली होती.

"तुमच्याशिवाय खाणीची माहिती कुणाला हाय?" भुजंगराव म्हणाला. "एकसष्ट बोअर तुम्ही मारले. या परत. ह्या टायमाला खरंच साहेब म्हणून या."

प्रभावती म्हणाली, "उठा."

पण सर्जेराव म्हणाला, "थांब. मशीन कुठलं हाय तिकडं आता?"

तिनं त्याच्याकडं बघितलं. त्याच्या डोळ्यांत ती निळी-हिरवी कांडी होती. भुजंगरावानं ते ओळखलं. पुढच्या रविवारी कागद घेऊन येतो म्हणाला आणि गेला.

त्या आठवड्यात घरात जे भांडण झालं ते शेजारपाजारच्या चार घरांनी ऐकलं. "तुम्हाला लाज कशी वाटत न्हाई?" प्रभावती ओरडत होती. "त्या माणसाचं मीठ परत खायला निघाले तुम्ही?" सर्जेराव म्हणायचा, "शेठसाठी कुठं? कामासाठी म्हणून राह्यलो. मला ते काम येतं प्रभा. इथं मी धुरळा खाऊन राह्यलो." त्याचंही खोटं नव्हतं. म्हणून तिला जास्तच चीड यायची. शेवटी ती म्हणाली, "जा. पण जो कागद आणंल तो सुमेधा वाचंल. आधी वाचायचा, मंग सही."

रविवारी भुजंगराव आला. कागद इंग्रजीत होता. सुमेधा आता अकरावीला होती, सायन्सला. तिनं मोठ्यानं वाचला आणि मराठीत सांगितला. वाचता वाचता तिचा आवाज बारीक होत गेला.

"मी, सर्जेराव मगरे, १९९५पासून कंपनीचा खाणप्रमुख होतो. त्या वेळच्या सरकारशी झालेल्या करारावर मी कंपनीच्या वतीनं, कंपनीच्या पूर्ण संमतीनं सही केली. ती सही खरी आहे आणि तो करार आजही..." ती थांबली. "बाबा, ही नोकरीची ऑर्डर न्हाई. हे शपथपत्र हाय."

सर्जेरावनं विचारलं, "ही सही म्हंजे तीच का? तीन कागदांवरची?"

"तीच," भुजंगराव मोकळेपणानं म्हणाला. "नवा पोरगा म्हणतो, ज्याचा सगळ्यात जुना करार त्याचा हक्क पहिला. आपला जुना करार हायेच की. सही तुमची. फक्त एकदा म्हणायचं, होय, मी कंपनीसाठी केली."

"सत्त्याण्णवला वकील म्हणला, ही सही कंपनीची न्हाई. सर्जेरावनं परस्पर केली," सर्जेराव म्हणाला.

"अहो, ते तेव्हाचं सरकार होतं."

सर्जेराव उभा राहिला. प्रभावतीनं त्याच्या तोंडाकडं पाहिलं आणि ती चपापली. अठरा वर्षांत हा चेहरा तिनं पाहिला नव्हता.

"सरकार बदललं की माझी सही बदलती का रे?" तो भुजंगरावाला अरेतुरेवर आला. "तेव्हा ती सही कंपनीची न्हाई म्हणून मला उलटं टांगलं. आज ती कंपनीची म्हणून मला खुर्ची देतो? मी माणूस हाय का तुझ्या ऑफिसातला फोटो? काढला, लावला, काढला, लावला!"

"सर्जेराव, आवाज खाली."

"आवाज खालीच होता माझा! चाळीस वर्षं खालीच होता! आतमधी मला रोज इचारायचे, पैसे कुणाला दिले, आणि मी रोज सांगायचो, मी दगड काढतो, मी फक्त दगड काढतो. माझ्या शेजारी त्यांचाच एक माणूस होता, खाणीचा हमाल. त्याला बी असाच कुणाच्या तरी सहीवर आणला होता. तो तिथंच मेला. त्याची सही कुणाला लागणार हाय आता? जा, त्याच्याकडून आण!"

त्यानं भुजंगरावाचं मनगट धरलं. ज्या हातानं वीस वर्षं लोखंडी पाइप फिरवले तो हात होता. भुजंगराव किंचाळला. प्रभावती धावली आणि आयुष्यात पहिल्यांदा ती कुणाला तरी शांत करायला लागली. "सोडा. अहो, सोडा त्याला. मोडंल हात." त्यानं सोडलं. भुजंगराव गाडीत बसता बसता म्हणाला, "लक्षात ठेवा. मागच्या टायमाला तुम्हाला सोडवलं ते शेठनंच." यावर मात्र प्रभावतीनं पेढ्यांचा पुडा त्याच्या काचेवर फेकला.

सर्जेराव ओट्यावर जाऊन बसला. ती त्याच्या शेजारी बसून राहिली. तीन वर्षं ती त्याच्या रागाची वाट बघत होती, आणि तो आला तेव्हा तिला त्याची भीती वाटली.

दुसऱ्या दिवशी दोघं जालन्याला कोर्टात गेले. सर्जेरावनं स्वतःचं शपथपत्र केलं. मी मशीन चालवणारा होतो, तीन कागद फ्रेंचमध्ये होते, यादी म्हणून माझ्याकडून सही घेतली, करार काय होता ते मला कधीच माहीत नव्हतं. सुमेधानं इंग्रजी केलं, देवानंद सरांनी तपासलं. प्रती दिल्लीला, तिकडच्या वकिलातीला आणि तिकडच्या खाण खात्याला गेल्या. कुणी उत्तर दिलं नाही.

दोन वर्षांनी देवानंद सरांनी एक कात्रण आणलं. ती खाण कुठल्यातरी तिसऱ्याच परदेशी कंपनीला मिळाली होती. शेठला मिळाली नव्हती. शपथपत्रामुळं की आणखी कुणी जास्त मोठं पाकीट दिल्यामुळं, हे सांगायला तीर्थपुरीत कोण बसलं होतं? शेठनं मात्र तोवर दुसऱ्या देशात खाण घेतली होती. तेही कात्रणातच होतं, खालच्या ओळीत.

"जिंकलो का आपण?" सुमेधानं विचारलं.

"कशाचं जिंकलो?" प्रभावती म्हणाली. तिचा राग तसूभरही कमी झाला नव्हता. "तो मोकळाच हाय."

सर्जेरावनं कात्रण हातात घेऊन फोटोत बराच वेळ पाहिलं. नव्या कंपनीनं खाणीभोवती तारेचं उंच कुंपण घातलेलं दिसत होतं.

"काय शोधता?" तिनं विचारलं.

"कुंपण कुठून गेलंय ते बघतोय," तो म्हणाला. "हातपंप आत गेला का बाहेर राहिला, ते काही ह्यात कळत न्हाई."